बायपासनंतर बाबांना परसात काम करू द्यावं का?

रानजाई
बाबा ७२ वर्षांचे, गाव चिपळूणजवळ. मे महिन्यात बायपास झाली. सकाळी अर्धा तास चालतात, पण जीव सगळा परसात. पाऊस सरलाय, पोफळींना आळी करायची वेळ झाली. परवा आई अंघोळीला गेलेली बघून पहार घेऊन बाहेर पडले. आईनं ती माळ्यावर टाकली. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. बाबा ओटीवर बसून पोफळींकडे बघत राहतात. मी पुण्यात. कोणाची बाजू घेऊ?

परसदार
पहारीपुरती आईची. पण खुरपं बाबांच्या हातात द्या, हात जोडून सांगतो. बागेवाचून माणूस खचतो.

मी ७४, बायपास २०१६ ची. छातीचं हाड सांधायला दोन-तीन महिने जातात, ते झालेच. पण पहार मारताना, भरली कळशी उचलताना माणूस श्वास रोखतो आणि रक्तदाब एकदम चढतो. आळी करायला गडी लावा. खुरपणी, रोपं लावणं, फुलं काढणं बाबांचं. झारी अर्धीच भरायची. फेऱ्या वाढल्या तर वाढू देत.

पहिल्या वर्षी अबोलीच्या वाफ्यात उकिडवा बसून लव्हाळा काढत होतो. हाक आली म्हणून झटकन उठलो, डोळ्यांपुढे अंधारी. रक्तदाबाच्या गोळ्यांनी असं होतं. जास्वंदीचा बुंधा हाताशी होता म्हणून पडलो नाही. तेव्हापासून स्टूल घेऊनच जातो. उठण्याआधी बसल्या जागी पावलं हलवतो, मग आधार धरून सावकाश उभा राहतो.

नाडीवर विसंबू नका. मेटोप्रोलोलसारखी, हृदयाचे ठोके संथ ठेवणारी गोळी चालू असेल तर दमलं तरी नाडी फारशी वाढतच नाही. मी काम करताना बायकोशी बोलत असतो. धापेनं वाक्य तुटलं की खुरपं खाली.

हिरवा चाफा
मी फिजिओथेरपिस्ट आहे. काकांचं अगदी बरोबर, तरी सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर लिंबाच्या काट्याचा ओरखडाही बराच वेळ वाहतो, हातमोजे घालू द्या. ऑक्टोबरच्या उन्हात काम नको, सकाळीच आटपायचं. जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती खिशात हवी, कपाटात नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गार घाम, असं काही झालं तर तिथंच बसायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन.

रानजाई
डॉक्टर खुरपणीला हो म्हणाले! गडी रविवारी येतोय. आळं किती रुंद घ्यायचं ते बाबाच सांगणार, ओटीवरून. आईनं न बोलता भाकरी करायचं बुटकं स्टूल पुढे आणून ठेवलंय. चालेल का?

परसदार
बुटक्यावरून उठणं म्हणजे पुन्हा उकिडवंच. गुडघ्याएवढं उंच घ्या आणि खुरप्याला हातभर बांबूचा दांडा बसवा.