निकाल पहिला, पण वाडीतली शाळा?

वर एकांनी विचारलंय, कोकण बोर्ड दहावीत राज्यात पहिलं येतं, मग झेडपीच्या शाळांचं रडगाणं कशाला? अहो, या बोर्डात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे, आणि तो निकाल दहावीचा. रडगाणं आहे ते पहिली ते चौथीचं.

आमच्या वाडीतल्या शाळेचा पट ११. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पटापर्यंत दोन शिक्षक. आहेत की दोन! पण गुरुजी पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या मीटिंगा यांतच. बाई एका खोलीत चार इयत्ता सांभाळतात. पहिलीवाल्यांना अक्षरं गिरवायला बसवेपर्यंत चौथीचा भागाकार फळ्यावर अर्धाच राहतो. (बाई शिकवतात छान, हे मुद्दाम सांगतो.)

कमी पटाच्या शाळा एकत्र करा म्हणणं सोपं. नियमात शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी असं लिहिलंय, पण पावसात पऱ्या (ओढा) ओलांडून जायचा किलोमीटर वेगळा. जुलैत आमचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) पाण्याखाली असतो. सहा वर्षांच्या पोराला कोण धाडणार? गेल्या जूनमध्ये एक पोर आईसकट विरारला बापाच्या खोलीवर गेलं. त्याआधी पट १२ होता.