मदत हवी आहे : गोम्फोनीमा पार्व्युलम आणि गोम्फोनीमा लॅजेन्युला यांत फरक कसा करावा?

नमस्कार. नाशिकमध्ये सोमेश्वर आणि तपोवन येथे गोदावरीच्या पात्रातील दगडांवरचा तपकिरी, बुळबुळीत थर ब्रशने खरवडून, आम्लाने स्वच्छ करून मी डायटमच्या (सिलिकाचे कवच असलेल्या सूक्ष्म एकपेशीय शैवालांच्या) कायमस्वरूपी स्लाइड तयार केल्या आहेत. बहुतेक प्रजातींची ओळख पटली आहे. घोडे अडले आहे ते गोम्फोनीमाच्या वरील दोन प्रजातींच्या जोडीपाशी.

दोन्हींची अंतर्गत ठेवण जवळजवळ सारखीच आहे. मध्यभागी एका बाजूची आडवी रेषा आखूड असते, तिच्या समोरच्या रेषेच्या टोकाशी एकच सुटा ठिपका, म्हणजे स्टिग्मा, असतो आणि रॅफेलगतची (कवचावरील लांब फटीलगतची) मोकळी पट्टी अगदी अरुंद असते. फरक सांगितला जातो तो बाह्याकाराचा : पार्व्युलमचे तळटोक डोक्याकडच्या टोकापेक्षा स्पष्टपणे निमुळते असते, तर लॅजेन्युलाची दोन्ही टोके सारखीच पुढे आलेली असतात. तपोवनच्या नमुन्यात मात्र मधलेच आकार भरपूर आहेत. त्यातले एक व्हॉल्व्ह (कवचाच्या दोन झाकणांपैकी एक) 22 मायक्रॉन लांब व 6 मायक्रॉन रुंद असून 10 मायक्रॉनमध्ये 14 रेषा भरतात. त्याचे डोके गुंडीसारखे आहे, आणि तळटोक किंचित अरुंद असले तरी तेही तसेच गोलसर आहे. याला काय म्हणावे?

डायटमच्या विभाजनात नवे व्हॉल्व्ह जुन्याच्या आतल्या बाजूला घडत असल्याने पिढ्यांगणिक सरासरी लांबी घटते, रुंदी त्या मानाने कमी घटते आणि टोकांचा उठाव मावळत जातो. म्हणून एकट्यादुकट्या व्हॉल्व्हच्या आकारावरून नाव देणे मला धोक्याचे वाटते. रेषांची घनता बरीच स्थिर राहते, पण या जोडीत तिचे पल्ले एकमेकांत मिसळतात. अशा वेळी मोठ्यापासून लहानापर्यंत मालिका मांडून निर्णय घ्यावा का, आणि त्यासाठी किती व्हॉल्व्ह मोजणे पुरेसे ठरते?

माझ्या स्लाइड डीपीएक्स या माध्यमात बसवलेल्या आहेत. त्याचा अपवर्तनांक सुमारे 1.52, तर सिलिकाचा 1.43 च्या आसपास, त्यामुळे शंभरच्या ऑइल इमर्शन भिंगाखालीही स्टिग्मा फिकट दिसतो. नॅफ्रॅक्स या दुसऱ्या माध्यमाचा अपवर्तनांक सुमारे 1.7 आहे, त्यात नव्याने स्लाइड केल्यास या जोडीत खरोखर काही वेगळे दिसेल, की थेट एसईएमच (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) करावे? एसईएममध्ये रेषांवरील छिद्रांचे नेमके कोणते लक्षण पाहावे?

आणखी एक शंका. युरोपीय पुस्तकांतील वर्णने तिथल्या नमुन्यांवरून झालेली आहेत. डायटमचे अभ्यासक ह. पृ. गांधी यांनी कोल्हापूर, धारवाड, जोग या भागांतून केलेल्या कामाशी आपले नमुने आधी ताडून पाहणे मला अधिक योग्य वाटते. तशी तुलना कोणी केली असल्यास अनुभव अवश्य सांगावा.

पार्व्युलम सेंद्रिय प्रदूषण सहन करणारी प्रजाती म्हणून पाण्याच्या गुणवत्तेच्या निर्देशांकांत धरली जाते. त्यामुळे खात्री होईपर्यंत मधले आकार तिच्या नावावर न मोजता वेगळ्या रकान्यात ठेवले आहेत. ही पद्धत योग्य आहे का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.