मदत हवी आहे: बेटावर 6 दिवस, प्लॅन करायचा की नाही?

आम्ही सहा जण, आई-बाबा सत्तरीचे आणि मुलं 4 आणि 9 वर्षांची, एका छोट्या बेटावर 6 दिवस जातोय. राहायचं बीचला लागूनच आहे, बोटीची तिकिटंही झालीत, त्यामुळे हॉटेलं सुचवू नका प्लीज.

मागच्या ट्रिपला रोज दोन-दोन गोष्टी ठरवल्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी सगळे एकमेकांवर खेकसत होते (मी सगळ्यात जास्त), म्हणून यावेळी नुसतं निवांत पडायचं ठरवलंय. सकाळी लवकर आणि 4 नंतर पाण्यात, मधलं कडक ऊन घरात, एवढं जमेल. पण घोळ भरती-ओहोटीचा आहे, ती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी 7 ला ओहोटी असेल तर सहाव्या दिवशी 11 च्या पुढे, ऐन उन्हात! आणि धाकटीची दुपारची झोप चुकली की संध्याकाळ गेलीच समजा.

तर लहान मुलं असताना तुम्ही दिवस भरती-ओहोटीप्रमाणे सरकवता, की जेवण-झोप पक्की ठेवून समुद्र जसा मिळेल तसा घेता? आणि मोठ्याला दुपारी मोबाईलशिवाय कशात गुंतवता?