मदत हवी आहे : मळ्यात राहणाऱ्या बायकांनी एकमेकींना कसं गाठायचं?

नमस्कार ताई-दादांनो. माझं माहेर पंचवटीतलं, वाड्यात वाढलेली. लग्नानंतर सात वर्षं निफाड तालुक्यात मळ्यात राहतेय. सासू-सासरे, हे, पाच वर्षांची लेक, दोन गाई, तीन एकर द्राक्षबाग. माणसं मायेची आहेत, कुणाबद्दल तक्रार नाही. पण सगळ्यात जवळचं घर अर्ध्या किलोमीटरवर आणि मधे नुसता ऊस. दिवस मावळला की बिबट्याच्या धाकाने कुणी कुणाकडे जात नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षं धरण्यासाठीची छाटणी, झाली की डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), घडांची विरळणी, फवारण्या. माल निघेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते.

परवा लेक पपईखाली तीन दगड मांडून शाळा-शाळा खेळत होती. एका दगडाला ओल्या हळदीचं बोट लावलेलं. म्हणाली, "ही माझी मैत्रीण." माझ्या पोटात तुटलं.

आसपासच्या वस्त्यांवरच्या पाच-सहा जणींनी महिन्यातून एक दुपार पोराबाळांसकट एकत्र बसावं असं फार वाटतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भेटतो, मग वर्षभर गाठ नाही. बचत गट आहे, पण तिथे हप्त्यांचंच बोलणं होतं.

काढणीनंतर एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत थोडी उसंत मिळते, तेव्हा सुरुवात करावी म्हणते. कुणी वस्तीवर असं जमवलंय का? पहिल्यांदा बोलावताना काय निमित्त काढलंत? आणि घरच्या मोठ्यांना कसं सांगितलंत? निफाड, दिंडोरीकडच्या ताई असतील तर नक्की लिहा.