२^१२७७ − १ संयुक्त आहे हे माहीत, पण अवयव एकही नाही: हे कसं?

घातांक:
२^१२७७ − १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे हे सिद्ध झालंय, तरी तिचा एकही अवयव कुणाला सापडलेला नाही. मग संयुक्त कशावरून? पाया २ घेऊन फर्माची कसोटी (पायाचा, संख्येपेक्षा एकने कमी असलेला घात घेऊन त्याला संख्येने भागायचं; मूळ संख्येला बाकी १ येते) लावली तर बाकी १ येते, म्हणजे संख्या मूळ वाटते. कुठे चुकतंय? आणि अवयव शोधायला सुरुवात कुठून करायची?

बाकीशून्य:
मर्सेन संख्यांना, म्हणजे २^प − १ रूपाच्या संख्यांना, पाया २ लावूच नका. न = २^प − १ धरा. २^प ला न ने भागलं की बाकी १ उरते. प मूळ असला की न − १, म्हणजे २^प − २, याला प ने भाग जातो. त्यामुळे २^(न−१) ची बाकी कायम १, संख्या मूळ असो वा नसो. २०४७ = २३ × ८९ सुद्धा यातून सुटते. पाया ३ घेतला की तिची बाकी १०१३ येते आणि ती पकडली जाते.

पक्का निकाल लुकास–लेहमर कसोटीचा. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, न ने भागून बाकी घ्या. हे प − २ वेळा. शेवटी शून्य आलं तरच मूळ. २०४७ (प = ११) साठी: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, संयुक्त. पहिला ४ पायरी म्हणून मोजू नका, तिथेच बरेच जण घसरतात.

१२७७ साठी १२७५ पायऱ्या, संगणकाला क्षणाचं काम. पण ही कसोटी अवयवांबद्दल अवाक्षर काढत नाही. २^६७ − १ संयुक्त असल्याचं लुकासने १८७६ मध्ये दाखवलं; १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हे अवयव कोलने दिले १९०३ मध्ये.

वर्गशेष:
सरसकट मूळसंख्यांनी भागत बसू नका. मूळ अवयव २५५४क + १ (२५५४ म्हणजे १२७७ ची दुप्पट) याच रूपाचा असणार, शिवाय ८ ने भागून बाकी १ किंवा ७. म्हणजे क = ३, ४, ७, ८, ११, १२... एवढेच. त्यातही ७६६३ = ७९ × ९७, १०२१७ = १७ × ६०१, १७८७९ = १९ × ९४१, २०४३३ ला ३ ने भाग, २८०९५ ला ५ ने. पहिली तपासण्याजोगी संख्या थेट ३०६४९!

तपासताना ३८५ अंक मांडायची गरज नाही. १२७७ द्विमानात १००११११११०१. २ पासून सुरू करून दहा वेळा वर्ग, त्यात सात वेळा दुप्पट, दर वेळी बाकी घ्यायची. शेवटी १ आला तर अवयव सापडला. उमेदवार ३२ बिटांपलीकडे गेला की वर्ग ६४ बिटांत मावत नाही. तिथे १२८ बिटांचा गुणाकार नसेल तर खरा अवयवही गुपचूप निसटतो.

घातांक:
दोघांचेही आभार. पोलार्डची पी−१ पद्धतही (पायाला मोठा घात देऊन, १ वजा करून, न शी मसावि काढणारी) चालवून पाहिली. मसावि म्हणून अख्खा न च परत येतो.

बाकीशून्य:
पुन्हा पाया २ असणार! घातांकात १२७७ आला की २ चा घात १ होतो आणि वजाबाकी शून्य. इथेही ३ घ्या. त्याच मर्यादांनी (घातांकात किती मोठ्या मूळसंख्या घ्यायच्या) पी−१ पुन्हा चालवून मात्र काही हाती लागत नाही, उत्तर तेच येतं. ईसीएमचं (एलिप्टिक वक्रांनी अवयव शोधण्याच्या पद्धतीचं) तसं नाही, तिथे प्रत्येक नवा वक्र म्हणजे नवी संधी. ५० अंकी अवयवासाठी पहिली मर्यादा साधारण ४.३ कोटी ठेवतात, ६० अंकीसाठी २६ कोटी. या संख्येवर हे सगळं भरपूर करून झालंय, त्यामुळे घरच्या संगणकावर फार आशा धरू नका.

वर्गशेष:
उरते संख्याक्षेत्र चाळणीची (मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या पद्धतीची) खास आवृत्ती. क्ष = २^२१३ धरा, मग क्ष^६ − २ म्हणजे बरोबर २न. इतकी छोटी बहुपदी मिळणं हेच मर्सेन संख्यांचं भाग्य. याच रीतीने २^१०६१ − १ ही ३२० अंकी संख्या २०१२ मध्ये फुटली. इथे आणखी ६५ अंक आहेत, आणि चाळणीपाठोपाठ येणारं अवाढव्य मॅट्रिक्स सोडवणं हेही तितकंच जड काम आहे.