पत्रकं नकोत, ओवी चालेल

येशूचा संदेश लोकांपर्यंत पोचवायला कुणीतरी आठवडी बाजारात पत्रकं वाटायचा बेत मांडलाय. आमच्या वेंगुर्ल्यात ती सुके बांगडे गुंडाळायला जातील, खरं सांगतो. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ मध्ये येशूची कथा सांगणारं त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, तेही मराठी ओवीत! आपण ख्रिस्ती मात्र अजून पुस्तकी बोलतो. आपण पापातून सुटका या अर्थी 'तारण' म्हटलं की शेजाऱ्याला सोसायटीचं कर्ज आठवतं.

माझी आई कधी कुणाला उपदेश करायला गेली नाही. शेजारच्या काकी आजारी होत्या, तर रोज पेज घेऊन जायची. शेवटी काकींनीच विचारलं, "गो, तू प्रार्थनेत काय म्हणतंस?" मग आईने सांगितलं, मालवणीतच.

आणि नाताळच्या नेवऱ्या पाठवताना सोबत बायबलच्या वचनाची चिठ्ठी नको, प्लीज.