एकाच अल्गोरिदमवर दोन पेटंटं? मग आधी शोधलं कुणी?

गाठ_निरगाठ:
इंजिनिअरिंगच्या मुलांना डेटा कॉम्प्रेशन शिकवते. एलझेडडब्ल्यूचा, म्हणजे डेटा लहान करायच्या एका पद्धतीचा, धडा आला की दरवर्षी संताप होतो. लेम्पेल आणि झिव्ह यांनी १९७८ मध्ये मूळ पद्धत शोधनिबंधात मांडली. टेरी वेल्च यांनी ती सुधारली, २० जून १९८३ ला अर्ज केला, १९८५ मध्ये पेटंट मिळालं आणि ते पुढे युनिसिस कंपनीकडे गेलं. पण आयबीएमच्या मिलर आणि वेगमन यांचा जवळपास त्याच पद्धतीवरचा मूळ अर्ज १ जून १९८३ चा! त्यांनाही १९८९ मध्ये पेटंट दिलं. वेल्च यांचा १९८४ चा लेख वाचून जगभर लोकांनी कोड लिहिला, १९८७ मध्ये हीच पद्धत वापरणारं कॉम्प्युसर्व्ह कंपनीचं गिफ हे चित्रांचं फॉरमॅट आलं, आणि १९९४ च्या डिसेंबरात कळलं की गिफचं सॉफ्टवेअर विकायचं तर युनिसिसचा परवाना घ्या. अमेरिकेत तेव्हा 'आधी शोधेल त्याचं' असा नियम होता ना? मग हे दिलंच कसं?

दावेदार:
ताई, मी पेटंटचे अर्ज लिहितो. नियम तोच होता. दोन अर्ज एकाच शोधाचे आहेत हे पेटंट कार्यालयाच्या तपासनिसाच्या लक्षात आलं, तर आधी कुणी शोधलं हे ठरवायला 'इंटरफिअरन्स'ची सुनावणी लागायची. तारखा घातलेल्या वह्या, साक्षीदार, सगळं. पण लक्षात यायला हवं. दावे वेगळ्या भाषेत लिहिलेले असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच गोष्ट दहा प्रकारे लिहिता येते. १६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना 'आधी अर्ज करेल त्याचं' हा नियम लागतो.

रात्रपाळी:
मला जास्त लागतं ते पेई-युआन वेई यांचं. त्यांच्या व्हायोला ब्राउझरमध्ये १९९३ मध्येच पानाच्या आत छोटे प्रोग्रॅम चालत होते. त्याच कल्पनेवरच्या इओलास कंपनीच्या पेटंटचा अर्ज १९९४ चा. तरी २००३ मध्ये ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला ५२ कोटी डॉलर भरायला सांगितले, कारण न्यायाधीशांनी व्हायोलाचा पुरावा ज्यूरीपुढे येऊच दिला नाही. ती चूक २००५ मध्ये वरच्या कोर्टाने दाखवली. शेवटी २०१२ मध्ये टेक्सासच्या टायलर गावी वेई आणि वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी साक्ष दिली आणि ज्यूरीने ते दावे रद्दबातल ठरवले. ज्याने आधी करून दाखवलं त्याला एकोणीस वर्षांनी कोर्टात उभं राहून ते सांगावं लागलं. मोठ्या कंपन्या इतका काळ वकील पोसू शकतात. दोन माणसांचं दुकान पहिल्याच नोटिशीला पैसे देऊन मोकळं होतं.

गाठ_निरगाठ:
@रात्रपाळी, वेईंबद्दल माहीत नव्हतं, वर्गात नक्की सांगेन.
@दावेदार, आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये अल्गोरिदमला पेटंट नाही असं स्पष्ट लिहिलंय. २००४ च्या वटहुकमातली सॉफ्टवेअरला पेटंटची वाट देणारी सूट संसदेने २००५ मध्ये काढून टाकली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच कलमातल्या 'प्रोग्रॅम पर से' (म्हणजे नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट नाही) या शब्दांतून वाट काढून अर्ज मंजूर होतातच ना?

दावेदार:
होतात. 'तांत्रिक परिणाम' दाखवला की होतात. २०१९ च्या फरीद अल्लानी प्रकरणातला दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश वाचा, तिथून पुढचं बोलू.